दुसऱ्यांच्या तबकड्या

पुस्तकांच्या कपाटाची झाडलोट आम्ही दरवर्षीं दिवाळीपूर्वीं हातीं घेतों आणि दरवर्षीं अर्धवट टाकतों. कपाटांतून धुळीबरोबर आठवणीहि निघतात, व धूळ झाडण्याइतकें आठवणी झाडणें सोपें नसतें. यंदा शब्दकोशांच्या मागें एक चपटी डबी सांपडली. तींत एक कॉम्पॅक्ट डिस्क होती. नांव 'ट्रान्सपोर्ट', सिद्ध करणारा लंडनचा डीजे पॉल ओकनफोल्ड, साल १९९८. डबी आमच्या धाकट्या भावाची. आणि ती तेथें दडून बसण्यास कारण आम्ही!

त्या वर्षीं आम्ही नुकतेच कॉलेजांत इंग्रजी शिकवूं लागलों होतों. अर्थात् जगांतील यच्चयावत् कलांचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त झाला आहे, अशी आमची समजूत होती. एका रात्रीं भावाच्या खोलींतून धप् धप् असा अखंड आवाज येऊं लागला. आम्ही आंत गेलों व विचारिलें, "हा गृहस्थ वाजवितो तरी काय?"

"स्वतः कांहीं नाहीं. दुसऱ्यांच्या अकरा रचना निवडून त्यानें एकींत एक मिसळल्या आहेत."

"म्हणजे दुसऱ्यांच्या तबकड्या लावून नांव कमावतो! मग आपला मांडववाला काय वाईट?"

भावानें यंत्र बंद केलें आणि शांतपणें म्हटलें, "दादा, तूं तरी वर्गांत काय करतोस? दुसऱ्यांच्याच कविता एकीपुढें एक वाचतोस ना?"

यावर आम्ही त्याच्या अभ्यासाविषयीं व भवितव्याविषयीं जें बोललों, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. त्यानंतर आम्ही घरीं असतांना त्या खोलींतून संगीत कधीं ऐकूं आलें नाहीं. पुढें तो परदेशीं गेला. प्रेम राहिलें, पत्रें व फोन राहिले. संगीताचा विषय मात्र दोघांनींहि टाळला.

परवां मुलीचे कर्णयंत्र मागून घेऊन आम्ही ती तबकडी प्रथमच ऐकिली. मिनिटाला एकशेंतीसच्या वर समान ठोके, आणि त्यांवर हळूहळू चढत जाणारे सुरांचे थर. मध्येंच ठोके थांबतात, केवळ स्वर तरंगत राहतात. कान आतुर होतात, आणि समेवर यावें तसा ठेका परत येतो. एक रचना संपून दुसरी कोठें सुरू झाली हें सांगवत नाहीं. अशा वादकापुढें दोन तबकडीयंत्रें असतात. एक लोकांना ऐकूं येत असतें. दुसरें तो एकटा कानाशीं धरून ऐकतो, त्याची गति किंचित् कमीजास्त करून ठोक्याला ठोका जुळवितो, आणि मगच दोन्ही एकजीव करतो. ट्रान्स या शब्दाचें मूळ 'पलीकडे जाणें' या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. पलीकडे नेणाऱ्यानें वाटेंत धक्का बसूं देऊं नये, हेंच त्याचें कौशल्य.

आम्हांस आजोळचा सप्ताह आठवला. सात दिवस वीणा खालीं ठेवावयाची नाहीं. एकाचा पहारा संपला कीं तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यांत घालतो, नामाचा गजर तुटत नाहीं. अभंग तुकोबांचे, चाल वाडवडिलांची, पण "यांत तुझें स्वतःचें काय?" असें कोणी वीणेकऱ्यास विचारल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. इंग्रजीचेंच पहावें, तर पाल्ग्रेव्हच्या १८६१ च्या 'गोल्डन ट्रेझरी'मध्यें त्याची स्वतःची एकहि कविता नव्हती. तरी निवड आणि क्रम यांवरच त्याचें नांव टिकलें, व त्या पुस्तकापुढें आम्ही जन्मभर मान लववीत आलों. मग ओकनफोल्डपुढेंच ती एवढी ताठ कां झाली?

गंमत अशी कीं, याच मनुष्यानें १८ डिसेंबर १९९४ रोजीं बी. बी. सी.च्या रेडिओवरून सादर केलेला दोन तासांचा सलग कार्यक्रम 'गोवा मिक्स' म्हणून गाजला. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी तरुणांनीं रात्री जागवून जें संगीत घडविलें, त्याचा त्यावर ठसा होता. आम्ही त्या काळीं दरसाल मंगेशीला जात होतों. कांहीं कोसांवर काय चाललें आहे याची आम्हांस दादहि नव्हती.

या तबकडींतील सारेंच आम्हांस रुचलें असें नाहीं. कित्येक चढ आधींच ओळखूं येतात, आणि ठोक्यांनीं आमचें डोकें दुखलें तें दुखलेंच. परंतु न आवडणें आणि तुच्छ लेखणें यांत अंतर आहे, आणि तें ओळखण्यास आम्हांस पाव शतकाहून अधिक काळ लागला.

रात्रीं भावाला फोन करून हें सांगितलें. तो मोठ्यानें हंसला; मग क्षणभर कांहींच बोलला नाहीं.

"सलग ऐकलीस ना? मध्यें थांबला नाहींस?"

"दोनदां चहाला उठलों," आम्हीं कबूल केलें.

"मग नाहीं ऐकलीस, दादा. मी डिसेंबरांत येतोंय. तबकडी जपून ठेव."

डबी आतां शब्दकोशांच्या पुढें ठेविली आहे. कपाटाचें काम यंदाहि अर्धवटच राहिलें.