किती दिस आसात?

मालवण किंवा देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एखाद्या गावात एसटीतून नवखी माणसं उतरली की त्यांना दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात. कोणाकडे इलात? आणि किती दिस आसात? पहिल्या प्रश्नाने शहरातला माणूस जरा बिचकतो, त्याला त्यात नसती चौकशी दिसते. मला दुसरा प्रश्न जास्त बोलका वाटतो. शंभराहून अधिक वर्षं हा किनारा मुंबईला माणसं पुरवत आला. गिरणीत, गोदीत, खानावळीत राबणारा चाकरमानी गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, जमलं तर मे महिन्यात यायचा. त्याची रजा मोजलेली असायची आणि घरच्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवलेला जीवही तेवढ्याच दिवसांत ओतायचा असायचा. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, मग पर्यटक आले. तेही दोन रात्रींचे. थोडक्यात, येऊन जाणाऱ्या माणसाचं कसं करावं हे या गावांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. पण मुलांची दप्तरं, गॅसची शेगडी आणि आजीची औषधं घेऊन कायमचं राहायला आलेल्या कुटुंबाचं काय करायचं, याची तयार रीत गावाजवळ नाही. म्हणूनच असं कुटुंब गावाबद्दलचा निर्णय करताना दोन्हीकडून फसतं. पहिल्या महिन्यातला गोडवा त्याला स्वागत वाटतो, सहाव्या महिन्यातला अबोला त्याला नकार वाटतो. माझं म्हणणं असं, की या दोन्हींवरून काहीच ठरवू नये. गाव आपल्याकडे काही मागतं का, आणि त्यातलं आपल्याला काही देतं का, एवढंच पाहावं.

मालवणच्या पट्ट्यातली रापण याचा सगळ्यात उघडा पुरावा आहे. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन बाजूंना दोन रांगा ते ओढू लागतात. ओढायचं म्हणजे दोर कमरेशी घेऊन, टाचा वाळूत रुतवत, मागे मागे चालायचं; रांगेच्या शेवटी पोचलेल्याने दोर सोडायचा आणि पुन्हा पाण्याशी जाऊन धरायचा. जाळं जसं जवळ येतं तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, आणि शेवटच्या टप्प्यात माणसं इतकी खेटून उभी असतात की कोण कोणाचा हे बघायला कुणाला सवड नसते. जाळ्याच्या पोटात बांगडा असेल, तारली असेल, कधी नुसता कचराही निघतो. मग वाटे पडतात. रापणीतल्या भागीदारांचे हिस्से ठरलेले असतात, त्यात परक्याला जागा नाही. पण दोराला हात लावलेल्याला कालवणापुरते मासे द्यायचे, ही जुनी रीत आहे. वाळूत उभं राहून फोटो काढणाऱ्याला मासे विकत मिळतात, तेही हसतमुखाने. दोन्ही माणसांशी किनारा सारखाच सौजन्याने वागतो, फरक आहे तो फक्त त्या चार बांगड्यांत. नव्या कुटुंबातल्या कुणाला पाण्यातून ‘धर रे’ अशी हाक आली, आणि मागाहून त्याच्या हातात मासे पडले, तर निर्णयाला लागणारा पुरावा बराचसा हाती आला.

आता उलट बाजूचा पुरावा. राहायला घर शोधत फिरणाऱ्याला दिसतं ते असं: वाडीत पंधरा घरं, त्यातल्या सात-आठांना कुलूप, अंगणात पातेरा साचलेला, आणि तरीही भाड्याने एकही मिळत नाही. अशा वेळी, या लोकांना आपण नकोच आहोत, असा अर्थ काढणं सोपं आहे. पण कारण बहुतेकदा दुसरंच असतं. त्या घराच्या सातबाऱ्यावर किंवा घरपत्रकावर भाऊ, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी अशी नावांची रांग असते, त्यातले निम्मे डोंबिवली-विरारला, आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय दार उघडत नाही. शिवाय गणपती बसतो तो मूळ घरातच. सात महिने भाडेकरू ठेवून भाद्रपदात त्याला बाहेर काढणं कुणाला जमत नाही, म्हणून मग दिवाबत्तीला शेजारी ठेवून घर बंदच राहतं. याच्याही खाली एक जुनं भय आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा जमिनीचा मालक ठरला. ते न्यायाचंच होतं, पण वापरायला दिलेली वस्तू परत येत नाही ही समजूत त्या पिढीने पुढच्या पिढीला दिली. भाड्याच्या घराचा कायदा वेगळा, हे सांगून ती जात नाही. बंद दारांवरून गावाचं मन वाचणाऱ्याने आधी त्या घराचा फेरफार वाचावा.

गाव रक्ताचीच माणसं आपली मानतं, हा आक्षेप मला कित्येकदा ऐकू येतो. मालवण तालुक्यातलं आचरे गाव त्याला उत्तर देतं. तिथे दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव शिवेबाहेर जातो. गुरं, कुत्री, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळ्यांसकट. हिंदू जातात तशी मुसलमान कुटुंबंही जातात. माळावर झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजनं-फुगड्या होतात, आणि परतायचं तेही पुन्हा कौल घेऊन. मला यात लक्षात घेण्यासारखं वाटतं ते हे, की बाहेर पडण्याचा नियम लागू होतो तो शिवेच्या आत राहतो म्हणून. मुंबईत बसलेल्या मानकऱ्याला त्या तीन दिवसांत उठून कुठे जावं लागत नाही. आतल्या माणसाला मात्र जावंच लागतं, मग त्याचे पूर्वज कुठलेही असोत. २०२० सालच्या टाळेबंदीने याचीच दुसरी, कडवट बाजू दाखवली. परतणाऱ्या चाकरमान्यांना अनेक गावांनी शिवेवर अडवलं, गावच्या शाळेत वेगळं ठेवलं. ज्यांच्या नावाने घरपट्टी भरली जात होती, ज्यांच्या मनिऑर्डरीवर घरं उभी राहिली होती, त्यांनाच. ते वागणं भीतीतून आलं होतं आणि मला त्याचं समर्थन करायचं नाही. पण नातं असणं आणि राहणं यात गाव किती स्पष्ट भेद करतं, हे त्या उन्हाळ्यात दिसलं, आणि राहायला येणाऱ्यासाठी ही गोष्ट आशेचीच आहे.

कुणी म्हणेल, गावाने स्वीकारायची गरजच काय? घर आपलं, काम लॅपटॉपवर, किराणा तालुक्यातून. हा युक्तिवाद ऑक्टोबर ते मे टिकतो. मृगाच्या आसपास वारा फिरतो, १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, पर्यटकांच्या खोल्यांना कुलपं लागतात आणि गाव स्वतःपुरतं उरतं. एखादं माडाचं झाड विजेच्या तारेवर पडलं की वायरमनला निरोप कोण देतो, रस्त्यातली फांदी तोडायला कोण येतं, रात्री मुलाला ताप चढला तर कोणाची रिक्षा काढायची, हे सगळं ओळखीवर चालतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत कौलं शाकारायला, विहिरीतून पाणी ओढायला शेजारीच होता. म्हणून गाव बघायला मे महिन्यात येऊ नये. आषाढात यावं, आणि खोली घेऊन सबंध महिना राहावं.

स्वागताला सगळ्यात मोठी इजा पोचते ती मात्र नव्या माणसाच्या पहिल्या बांधकामाने. कोकणातल्या अंगणाला जांभ्या दगडांचा गडगा असतो, फार तर कमरेएवढा. त्यात एखादी पायरी किंवा खिंड ठेवलेली असते, कारण तिथून कुणाची तरी विहिरीची, देवळाची, नाहीतर समुद्राची वाट जाते. ती नकाशावर असतेच असं नाही. जागा घेतलेलं शहरी कुटुंब पहिल्या हिवाळ्यात सिमेंटची उंच भिंत घालतं, लोखंडी फाटक बसवतं, आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन रोज तिथून जाणाऱ्या बाईला अर्धा मैल वळसा पडतो. ती भांडायला येत नाही. वाडी गप्प होते. मग कुटुंब म्हणतं, इथले लोक आत घेत नाहीत. या गप्प होण्यामागे केवळ एक भिंत नसते, हेही खरं. पर्ससीनच्या जाळ्यांनी रापणकरांच्या वाट्याची मासळी ओढून नेल्याची तक्रार इथे वर्षानुवर्षं होती, २०१६ मध्ये सरकारने त्या मासेमारीवर निर्बंध घातले तरी भांडण मिटलं नाही. राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाआधी बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवल्याचं प्रकरण गाजलं. पैसा घेऊन येणाऱ्याचा हेतू काय, हे गाव तपासून बघतं, आणि त्याला तसं बघण्याचा हक्क आहे. खिंड उघडी ठेवणारं कुटुंब त्या तपासणीतून लवकर सुटतं.

गावाला माणसांची गरज आहे, तेव्हा ते कुणालाही घेईल, असंही म्हटलं जातं. गरज आहे हे नक्की. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पटावर जेमतेम दहा-बारा नावं असली की दोन मुलं वाढणं ही वाडीच्या चर्चेची गोष्ट होते. त्यामुळे निवृत्तीनंतर बंगला बांधणाऱ्या जोडप्यापेक्षा पहिली-तिसरीतली मुलं असलेल्या कुटुंबाला गावात शिरायला सोपं जातं, असं मला वाटतं. अट एकच, मुलं त्या शाळेत घालायला हवीत. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात उभी राहू लागली, की ती गरज आणि तुम्ही यांचा संबंध संपला.

एक आक्षेप मात्र माझ्या म्हणण्याच्या मुळावर येतो, आणि तो मला टाळायचा नाही. गाव मागतं तो आपला, असं म्हटलं, तर या गावांनी सर्वांत जास्त कोणाकडून मागितलं? महार वतनाने सांगितलेली कामं, दवंडी, निरोप, मेलेली गुरं, शिवेची राखण, हे सगळं ज्यांच्याकडून घेतलं त्यांची वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा ठेवला गेला. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच कोकणातलं. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडचा. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, ती पद्धत कायद्याने जायला १९५८ उजाडलं. गाव राबवून घेतं आणि तरीही आत घेत नाही, याचा एवढा मोठा पुरावा समोर असताना नुसत्या मागण्याला स्वागत म्हणता येत नाही. म्हणून मी मागणं आणि वाटा एकत्र धरतो. दोर ओढायला बोलावलं आणि मासे दिले नाहीत, तर ती वेठ. आजही गावऱ्हाटीत पालखीचा मान, पहिला नारळ, देवळातली बसायची जागा ठरलेली असते; नव्या कुटुंबाला तो मान मिळणार नाही, आणि त्याची खंत करण्याचं कारणही नाही, कारण गावातल्या बहुसंख्य घरांना तो नसतोच. पण बौद्धवाडीच्या विहिरीवर कोण पाणी भरतं, कोणाच्या लग्नात कोण जेवायला बसतं, मुसलमान मोहल्ल्यापलीकडे मुसलमान कुटुंबाला खोली मिळते का, हे ज्याला त्याला आपल्या नावानिशी विचारून पाहावं लागेल. एकच गाव एका कुटुंबाला उघडं आणि दुसऱ्याला बंद असू शकतं, आणि ते गोडव्यावरून ओळखू येत नाही.

तपासायला जागा आहेत. ग्रामसभेत नव्या माणसाने पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं तर सरपंच उत्तर देतात की नुसते हसतात. बचतगटात नव्या बाईचं नाव घेतलं जातं का, आणि घेतलं तर तिला कर्जाची पाळी येते का. गणपतीत रोज रात्री वाडीचं भजन घराघरांतून फिरतं, त्या पाळीत आपलं घर धरलं आहे का; गणपती न बसवणाऱ्या घराला निदान मृदंगाच्या दुरुस्तीची वर्गणी मागितली आहे का. कुणाचं मयत झालं तर निरोप आपल्या दारात येतो का, आणि आपल्या घरी आजारपण आलं तेव्हा न बोलावता कोण आलं. हे एका पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या भाद्रपदात कळतं. शहरातलं घर तोवर विकू नये.