टोमॅटोची कुंडी

तुपाला पात्राचा आधार कीं पात्राला तुपाचा, हें ठरविण्यासाठीं हातांतलें भांडें उपडें करून पाहणाऱ्या नैयायिकाची गोष्ट आपल्याकडे पंडितांची थट्टा करण्याकरितां सांगतात. मी तर्कशास्त्राचा अध्यापक असल्यामुळें माझी सहानुभूति साहजिकच त्या नैयायिकाकडे आहे. भांड्याचा विचार माणसें करतात तो आंतल्या वस्तूच्या निमित्तानें, आणि तोहि ओझरता. परंतु गेल्या कार्तिकांत आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरींत टोमॅटोचें एक रोप लावावयाचें ठरलें, तेव्हां पंधरा दिवस रोपाविषयीं घरांत कोणी अवाक्षर काढलें नाहीं. सारा वाद भांड्याचा.

रोप आईसाठीं होतें. तिचें वय ८२. गुडघ्यांनीं जिना बंद केला, साताऱ्याकडचा वाडा विकून झाला, आणि परसांत पन्नास वर्षें भाजी पिकविलेल्या हातांना जपमाळेखेरीज काम उरलें नाहीं. जप तिला पुरत नव्हता. ती तसें म्हणाली नाहीं. पण दुपारीं तीनला घड्याळाकडे पाहणारें माणूस पुन्हां सव्वातीनला पाहूं लागलें, कीं घरच्यांना समजतें.

चिरंजीवांनीं २० लिटरची प्लॅस्टिकची कुंडी सुचविली. शास्त्र त्यांच्या बाजूचें आहे. वेलीसारख्या उंच वाढत जाणाऱ्या टोमॅटोला १५ ते २० लिटर माती लागते. ठेंगण्या, झुडुपासारख्या जातीचें दहा-बारा लिटरांत भागतें. खोली फूटभर तरी हवी, कारण रोपाचें खोड जरा खोल पुरलें तर त्याला बाजूनें नवीं मुळें फुटतात. प्लॅस्टिक हलकें, आणि त्याच्या अंगांतून पाणी झिरपत नाहीं. पाणी कधीं फार, कधीं मुळींच नाहीं, असें झालें तर मातींत चुना असूनहि तो फळापर्यंत नीट पोंचत नाहीं, व फळाचें बूड काळें पडतें; म्हणून ओल टिकविणारें भांडें बरें. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं तेलाचा रिकामा डबा देऊं केला. तो फुकट, मापानेंहि पुरेसा. पण पत्रा दुपारच्या उन्हांत असा तापतो कीं कडेचीं मुळें भाजून निघावींत. भांडें कोणतेंहि घ्या, तळाशीं खडे घाला, असा सल्ला मात्र सर्वांनीं एकमुखानें दिला. आणि नेमका तोच चुकीचा होता! खड्यांच्या थरावर पाणी मातींतच अडून राहतें, ती गच्च भिजल्याशिवाय खालीं उतरत नाहीं. भोंकावर एक खापरी ठेविली कीं पुरे. सर्वसंमति म्हणजे सत्य नव्हे हें मीं तीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहें, पण इतकें सोपें उदाहरण मला कधीं मिळालें नव्हतें.

सौभाग्यवतींची दृष्टि माळ्यावरच्या पितळी घंगाळाकडे गेली. हल्लीं दिवाणखान्यांतून अशा घंगाळांत झाडें लावलेलीं दिसतात, आणि दिसतात छान. आमचें घंगाळ वडिलांच्या स्नानाचें. पाणी निघून जाण्यासाठीं त्याला भोंक पाडावें लागेल, हें मीं आईला सांगितलें.

"भोंक पाडल्यावर तें घंगाळ राहील का रे?" तिनें विचारलें.

ह्यावर तर्कशास्त्रांत काय उत्तर आहे तें मला माहीत आहे. तें मीं दिलें नाहीं.

आई टोमॅटोला अजून बेलवांगें म्हणते. तिला दुरुस्त करण्याचें कारणहि नाहीं. लिनीयसानें १७५३ सालीं टोमॅटोला वांग्याच्याच प्रजातींत बसविलें; पुढें इतरांनीं तो निराळा काढला, आणि अलीकडे जनुकें तपासून शास्त्रज्ञांनीं तो पुन्हां तेथेंच आणून ठेविला. आई इतका वेळ जागची हललीच नव्हती.

शेवटीं कसब्याजवळच्या कुंभारवेशींतून मीं मातीची मोठी कुंडी आणली. कुंभारानें ती बोटानें वाजवून दाखविली. पक्क्या भाजलेल्या कुंडीचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेली बद्द बोलते. घरीं सर्वांनीं तिला नांवें ठेविलीं. ती जड आहे, आणि भिजल्या मातीसकट दोघांना उचलवत नाहीं. मुख्य म्हणजे ती स्वतःच पाणी पिते. तिच्या सच्छिद्र अंगांतून ओल उडून जाते, मुळें गार राहतात खरीं, पण उन्हाच्या दिवसांत दोन वेळां पाणी घातल्यावांचून गत्यंतर नाहीं. मीं ती घेतली ती ह्याच दोषासाठीं. चार दिवस कोणी न पाहिलें तरी चालेल असें भांडें माझ्यासारख्या नोकरदारासाठीं उत्तम. आईला त्याचा काय उपयोग?

पाण्याची बादली मात्र तिला स्वयंपाकघरांतून आणवत नाहीं. म्हणून घंगाळ माळ्यावरून खालीं आलें, चिंच लावून लख्ख झालें, आणि कुंडीशेजारीं ठेंगण्या स्टुलावर बसलें. सकाळीं महाविद्यालयांत जाण्यापूर्वीं मी तें भरून ठेवतों. आई खुर्चीवर बसून तांब्यानें पाणी घालते, बोट मातींत खुपसून ओल पाहते, आणि बाहेरून कुंडीवर येणारी पांढरी खार नारळाच्या शेंडीनें घासून काढते. दोन वेळांचें काम तिनें चार वेळांचें केलें आहे.

पौषांत पहिलें फळ धरलें. संध्याकाळीं मी आलों कीं अहवाल मिळतो: "आज तीन तांबे प्याला. ऊन फार होतें." काल तिनें वांग्याचें बीं मागितलें, आणि कुंडी केवढी आणावयाची तें हात पसरून दाखविलें.