येतो म्हणणारे आणि वाट पाहणारे

आपल्या भाषेत निरोप घेणारा मनुष्य ‘जातो’ असे म्हणत नाही. ‘येतो’ असे म्हणतो. ‘जातो’ हा शब्द अशुभ मानला गेल्यामुळे ही रीत पडली आणि ती सुंदर आहे यात शंका नाही. परंतु छायाचित्रे काढणारे आणि छायाचित्रांसाठी उभे राहणारे, ज्यांना आता सर्रास ‘मॉडेल’ म्हणतात, अशा दोन्ही वर्गांशी आमचा जो संबंध आला, त्यावरून आम्हांस वाटू लागले आहे की, या मंडळींचा ‘येतो’ बहुधा निरोपाचाच असतो.

सोनाराच्या आणि शिंप्याच्या वायद्यांची आपल्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. दागिना आज नाही तर उद्या मिळतो. चोळी या सणाला नाही तर पुढच्या सणाला अंगावर चढते. छायाचित्राची गोष्ट तशी नाही. तेथे काढणारा, काढून घेणारा आणि उजेड हे तिघे एका ठिकाणी, एका वेळी जमावे लागतात. तिघांपैकी उजेड तेवढा ठरल्या वेळी येतो आणि ठरल्या वेळी जातो.

या कलेच्या बाल्यावस्थेत असले वर्तन परवडण्याजोगे नव्हते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवावयाची, आणि ती ओली असेतोच चित्र घेऊन अंधाऱ्या खोलीत उमटवावयाचे. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा; आपल्याकडील उन्हाळ्यात त्याहूनही कमी. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. मूळच्या गोमंतकीय घराण्यातील डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळी बसणारा मनुष्य वेळेवर आला नाही तर काच डोळ्यांदेखत सुकून जाई. बेफिकिरीची किंमत तिथल्या तिथे चुकती होई, आणि ती सर्वांना दिसे.

इंदूर आणि हैदराबाद येथील आमच्या वाचकांना लाला दीनदयाळ यांचे नाव नवे नाही. १८४४ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असता कॅमेरा हाती धरला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांकरिता स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि तेथील काम एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविले. पडद्यातील कुलीन स्त्रिया परक्या पुरुषापुढे बसणार नाहीत, हे त्यांनी जाणले होते. बसणारी व्यक्ती येत नाही, तेव्हा तिच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी आपण तिला निर्धास्तपणे येता येईल अशी जागा दिली आहे काय, हा प्रश्न त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःस विचारला होता, असेच म्हटले पाहिजे.

आज काच सुकत नाही. कॅमेऱ्यास घाई नाही, म्हणून माणसांसही नाही. पूर्वी कागदावर उमटलेला अंगठा म्हणजे जन्माचे बंधन. आज मोबाईलवर उमटलेला अंगठा म्हणजे फार तर तुमचा निरोप दिसला, एवढाच अर्थ.

या बेफिकिरीत काय हरपते, ते आम्ही अलीकडेच पाहिले. म्हार्दोळच्या श्रीमहालसेची जायांची पूजा गोव्यात सर्वांस ठाऊक आहे. जाईच्या कळ्यांची फाती गुंफणे ही आमच्याकडील स्त्रियांची जुनी कला. आमच्या देवस्थानाशी संबंधित एका घरात ऐंशी वर्षे उलटलेल्या एक आजी होत्या. त्यांची फाती विणण्याची आणि ती अंबाड्याभोवती बसविण्याची तऱ्हा निराळी होती. शेवटचे वळण त्या असे काही घेत की, एकही दोरा दिसत नसे. स्मरणिकेसाठी ही कृती टप्प्याटप्प्याने चित्रित करावी असे ठरले. श्रावणातील एका दुपारी आजी कळ्या घेऊन बसल्या. ज्या मुलीच्या केसांत फाती माळावयाची, तिचा चार वाजता निरोप आला, “आज जमत नाही.” सायंकाळी कळ्या उमलल्या, आजींनी त्या उठून देवीला वाहिल्या. भाद्रपदात पुन्हा दिवस ठरला. या खेपेस मुलगी आपल्या आत्यासह वेळेआधी आली. छायाचित्रकार आले नाहीत. त्यांचा फोन बंद होता. त्या दिवशी ते एका लग्नाच्या कामावर गेले होते, हे मागाहून समजले. तिसरा दिवस नवरात्रानंतरचा ठरला. घट बसण्यापूर्वीच आजी गेल्या.

घरोघरी मोबाईल असता कोणीच का टिपले नाही, असे वाचक विचारतील. ‘चांगले’ छायाचित्रकार येणार होते, म्हणूनच कोणी टिपले नाही. न पाळलेल्या वचनाचा खरा घात हा आहे. स्पष्ट नकार दुसरी वाट मोकळी ठेवतो; खोटा होकार मात्र दारात बसून राहतो आणि दुसऱ्या कोणास आत येऊ देत नाही. आजींच्या फातीचे ते शेवटचे वळण डावीकडून होते की उजवीकडून, यावर त्यांच्या दोन सुनांचे अद्याप एकमत झालेले नाही.

तथापि दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा करणे योग्य नव्हे. या व्यवसायात अशी एक प्रथा आहे की, नवखा छायाचित्रकार आणि नवखी मॉडेल एकमेकांस पैसा देत नाहीत. तिने वेळ द्यावा, त्याने चित्रे द्यावी. ही देवघेव वरकरणी सोज्ज्वळ दिसते, परंतु जेथे कोणाचेच काही गुंतलेले नसते, तेथे मोडण्यासही काही लागत नाही. मुली सांगतात की, चित्रे महिनोन्‌महिने हाती येत नाहीत, सोबत वडीलधारे माणूस आणलेले कित्येकांना खपत नाही, आणि अशा वेळी न जाणेच बरे वाटते. छायाचित्रकार सांगतात की, देवाधर्माचे काम म्हटले की मोबदल्याची भाषाच कोणी काढीत नाही; लग्नसराईच्या चार दिवसांवर ज्यांचे वर्षाचे पोट, त्यांनी काय करावे? या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु त्या आदल्या दिवशी सांगण्यासारख्या आहेत, दुसऱ्या दिवशी नव्हेत.

आपल्या पूर्वजांनी यावर तोड काढून ठेवली होती. कीर्तनकार असो, वाजंत्री असो, नाटकमंडळी असो, काम ठरले की सुपारी दिली जाई. या शब्दाला वर्तमानपत्रांनी आता भलताच अर्थ चिकटविला आहे. मूळ अर्थ एवढाच की, दिलेला शब्द आता उभयतांच्या हातात आहे. सुपारीबरोबर थोडा इसार असे, आणि न येणाऱ्याने सुपारी परत करावी, हा संकेत असे. परत करण्याचीही एक रीत होती, हे विशेष.

येत्या जत्रेपूर्वी आमच्या मंडळींनी नौबत वाजविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या हातांची चित्रे घ्यावयाचे योजिले आहे. छायाचित्रकारास नारळ, सुपारी आणि निम्मा मोबदला आगाऊ दिला आहे. ते न आल्यास कोण येईल, तेही ठरले आहे. आणि दोघेही न आले तर नौबतखान्याच्या पायरीवर बसलेला एखादा पोरगा आपल्या मोबाईलवर टिपील, हेही ठरले आहे. चित्र कदाचित थोडे हलेल. पण हात दिसतील.