निपलवरची खाज आणि मलमाच्या ट्यूब

स्तनाचा कॅन्सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गाठ येते. पॅजेट्स डिसीज या दुर्मिळ प्रकारात बरेचदा हाताला गाठ लागतच नाही. निपलला खाज सुटते, आग होते, पापुद्रे निघतात, लस येऊन खपली धरते. ब्रा घासली असेल, साबण बाधला असेल, असं वाटतं. जागा अशी की दाखवायला संकोच. त्यामुळे कित्येकजणी डॉक्टरांना नुसतं ‘खाजतंय’ म्हणून सांगतात आणि तपासणी न होताच मलम मिळतं.

मला धास्ती वाटते ती या मलमांचीच. स्टिरॉइडच्या मलमाने लाली थोडी उतरते, बरं वाटतं आणि महिने निघून जातात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या पर्समध्ये अशा चार ट्यूब होत्या.

साधा इसब बहुधा दोन्ही बाजूंना होतो आणि भोवतालच्या काळसर भागात सुरू होतो. पॅजेट्स बहुधा एकाच बाजूला, थेट निपलवर सुरू होऊन बाहेर पसरतो. निपल आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर थांबूच नका. पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित.

लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये याचं वर्णन केलं. (त्यांच्याच नावाचा हाडांचा एक आजार आहे; त्याचा याच्याशी संबंध नाही.) निपलवरचा हा चट्टा असलेल्या स्त्रियांना पुढे स्तनाचा कॅन्सर होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आज आपण जाणतो की बहुतेकींच्या स्तनात तो आधीच असतो. कधी दुधाच्या नळ्यांपुरता, कधी नळ्यांबाहेर पसरलेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या वरच्या थरात मोठ्या, फिकट पेशी दिसतात, एकेकट्या किंवा घोळक्याने. त्वचेच्या नेटक्या पेशींमध्ये त्या परक्या वाटतात, आणि बहुतेक वेळा असतातही. नळ्यांमधून वर चढून आलेल्या. त्यांच्यावर एचईआर-2 हे प्रथिन पुष्कळदा जास्त सापडतं, म्हणून ती तपासणीही करतात.

मॅमोग्राफी करायचीच, पण ती नॉर्मल आली म्हणून सुटलो असं नाही. दोन-तीन आठवड्यांत चट्टा पूर्ण गेला नाही किंवा जाऊन परत आला, तर बायोप्सी हवी. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ना?’ हे त्या बाईंनीही विचारलं होतं. नाही पसरत. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, आणि तुम्ही त्याच दिवशी घरी जाता.