एका ताऱ्याचा हुद्दा

आमच्या माजघरात पणजोबांचे एक छायाचित्र टांगलेले आहे. खाकी गणवेश, डोक्यावर फेटा, नजर थेट छायाचित्रकाराकडे आणि दोन्ही खांद्यांवर एकेक तारा. घरात आणि गावात ते ‘कॅप्टन आबा’ म्हणून ओळखले जात. इस्लामपूरहून आमच्या गावी जाणाऱ्या वाटेवर जुन्या माणसाला विचारले, तर तो आजही ‘कॅप्टनच्या घरचे का?’ असेच विचारतो. यंदा गावाने माजी सैनिकांच्या नावांचा संगमरवरी फलक बसवण्याचे ठरवले. पणजोबांविषयी चार ओळी लिहून देण्याचे काम थोरल्या काकांनी माझ्याकडे सोपवले. मी इतिहासाची विद्यार्थिनी, तेव्हा हे काम माझेच, असा त्यांचा साधा हिशेब.

अडचण पहिल्याच ओळीत आली. ब्रिटिश पद्धतीत कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात. छायाचित्रात एकच आहे.

खांदे वाचण्याची ही सवय मला जर्मन गणवेशांनी लावली, म्हणून आधी थोडे त्यांच्याविषयी. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्यात ‘वेअरमाख्टबेआम्टे’ नावाचा एक मोठा वर्ग होता. बेआम्टे म्हणजे सरकारी अधिकारी. पगार वाटणारे, धान्य आणि कापड पुरवणारे, औषधनिर्माते, लष्करी न्यायालयांतील माणसे असे सगळे त्यात येत. त्यांचा गणवेश दुरून पाहिला तर लढाऊ अधिकाऱ्यासारखाच. तीच टोपी, तोच करडा-हिरवा अंगरखा, खांद्यावर तशीच विणलेली पट्टी. कायद्याने मात्र ते सनदी नोकर होते. त्यांच्या सेवेचे चार थर होते, आणि आपल्याकडील वर्ग एक ते वर्ग चार ठाऊक असलेल्या कोणालाही ते समजावून सांगण्याची गरज नाही.

हा फरक कापडावर लिहिलेला असे. पायदळाच्या पट्टीखाली पांढरा रंग, तोफखान्याच्या पट्टीखाली लाल, आणि या अधिकाऱ्यांच्या पट्टीखाली गडद हिरवा. त्यालगत त्यांच्या खात्याचा दुय्यम रंग येई. पगार वाटणाऱ्याचा, म्हणजे ‘त्साल्मायस्टर’चा पांढरा, औषधनिर्मात्याचा फिकट हिरवा. खांद्यावर एकमेकांत गुंफलेली एच आणि व्ही ही दोन अक्षरे म्हणजे ‘लष्करी प्रशासन’. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात गडद हिरवा रंग काळाच दिसतो. त्यामुळे आजही अनेक छायाचित्रांखाली ‘जर्मन अधिकारी, आघाडीवर’ असे छापलेले आढळते आणि चित्रातील गृहस्थ असतो रेजिमेंटचा पगारमास्तर. खुद्द त्या सैन्यातही या मंडळींकडे थोडे हिणवूनच पाहिले जाई. गणवेश शूराचा आणि काम वहीचे, असा तो भाव. शेवटी १९४४ मध्ये त्यांतील पुरवठा, पगार आणि न्याय खात्यांतील लोकांना वेगळ्या विशेष सेवेत घेऊन खऱ्या लष्करी हुद्द्यांवर आणले गेले.

कारकून म्हणून ही माणसे निरुपद्रवी होती, असे मात्र कोणी समजू नये. व्यापलेल्या प्रदेशाचा रोजचा कारभार गणवेशातील प्रशासकच चालवत. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या लष्करी प्रशासनाचा प्रमुख एगर्ट रेडर हा मुळात सनदी अधिकारी. त्याच्या कारकिर्दीत ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेखलेन येथून ज्यूंना घेऊन पहिली गाडी आउशवित्झकडे निघाली. पुढच्या दोन वर्षांत तेथून सुमारे २५ हजार ज्यू नेले गेले. नोंदणी, याद्या, हुकूम, वाहतूक ही सगळी कामे टेबलावरची आहेत. लष्करी कारकुनाचे छायाचित्र समोर आले की माझे कुतूहल आता थोडे सावध असते, ते यामुळे. माझ्या पणजोबांच्या बाबतीतही ते तसेच होते, हे कबूल करायला हवे.

आता तो एक तारा. ब्रिटिश हिंदी सैन्यात एक तारा दोन वेगवेगळ्या माणसांच्या खांद्यावर असे. एक सेकंड लेफ्टनंट, ज्याला राजाची सनद मिळालेली. दुसरा जमादार, ज्याची सनद व्हाइसरॉयची. जमादार, त्यावर सुभेदार, त्यावर सुभेदार मेजर अशी ती उतरंड. या हुद्द्यांवर फक्त हिंदी माणसे येत आणि त्यांचा हुकूम फक्त हिंदी शिपायांवर चाले. केस पांढरे झालेला, दोन लढाया पाहिलेला सुभेदार मेजरसुद्धा कालच रुजू झालेल्या विशीतल्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच गणला जाई.

आज आपल्या सैन्यातील नायब सुभेदार किंवा सुभेदार पाहिला, तर त्याच्या ताऱ्याखाली लाल-पिवळी-लाल फीत दिसते. त्या फितीवरून तो जेसीओ आहे हे लगेच कळते. ती फीत महायुद्धानंतरची आहे. म्हणजे पणजोबांच्या छायाचित्रात ती नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. जर्मनांनी पगारमास्तर आणि सेनापती यांची गल्लत होऊ नये म्हणून रंगांची अख्खी सारणी बनवली. ब्रिटिशांना इतकी वर्षे एका ताऱ्यावर भागवता आले. मला वाटते, याचे कारण सरळ आहे. सनद राजाची की व्हाइसरॉयची, हे दीर्घकाळ माणसाच्या कातडीवरूनच कळत होते. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली, पूर्ण सनद घेतलेले हिंदी तरुण वाढू लागले, आणि मग एकाच रंगाच्या दोन माणसांच्या खांद्यावर एकच तारा दिसू लागला. वेगळ्या खुणेची गरज तेव्हा पडली.

उत्तर छायाचित्रात नव्हते. ते आजीच्या लोखंडी पेटीत, पिवळ्या पडलेल्या कागदांच्या चळतीत सापडले. पणजोबा इंडियन आर्मी कोअर ऑफ क्लार्क्समध्ये होते. हवालदार क्लार्क म्हणून लागले आणि युद्ध संपताना जमादार होते. कागदावर त्यांची सही आहे, मोडीत. सहीआधी स्वतःच्या हाताने लिहिले आहे ‘जमादार’.

त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली. इतक्या माणसांचा पगार, रजा, घरी जाणारी मनीऑर्डर, जखमींची आणि मयतांची यादी कोणीतरी टंकलिखित करत होते, ही गोष्ट आपल्या लढायांच्या नकाशांत कुठेच दिसत नाही. आजीला एवढेच आठवते की आबांना घरी तार आलेली मुळीच खपत नसे. शुभवार्तेची असली तरी ते ती दुसऱ्याला वाचायला लावत.

मग ते ‘कॅप्टन’ झाले कसे? याचा शोध घेताना मला माझ्याच तालुक्याचा इतिहास नव्याने वाचावा लागला.

ज्या वर्षी पणजोबांच्या खांद्यावर तो तारा चढला, त्याच सुमारास वाळवा तालुक्यात ब्रिटिश गणवेशाची किंमत वेगाने घसरत होती. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गावोगावी न्यायदान मंडळे बसली, दारूचे गुत्ते बंद झाले, कमी खर्चातली लग्ने लागली. येडे मच्छिंद्र आणि वाळवा ही गावे तेव्हा एकाच सातारा जिल्ह्यात होती. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. पगाराची रक्कम! आजवर मी ही घटना धाडसाची म्हणून वाचली होती. आता ती वाचताना मला त्या पैशांच्या नोंदी ठेवणारा माणूसही दिसतो.

त्या हल्ल्यात आघाडीवर होते कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड. त्यांना सारा मुलूख ‘कॅप्टन भाऊ’ म्हणे. ही सनद राजाची नव्हती आणि व्हाइसरॉयचीही नव्हती. लोकांनी दिलेला हुद्दा होता तो, आणि आमच्या भागात ‘कॅप्टन’ या शब्दाला वजन आले ते अशा माणसांमुळे. माझा कयास असा आहे की युद्धानंतर गावात परतलेल्या लष्करी माणसासाठी लोकांनी आदराचा म्हणून तोच शब्द उचलला. पुरावा माझ्याकडे नाही. पण गोऱ्यांच्या कॅप्टनपेक्षा कुंडलचे कॅप्टन आमच्या गावाला जवळचे होते, एवढे नक्की.

आजीने सांगितलेली एक गोष्ट याच्याशी जुळते. आबा १९४४ मध्ये रजेवर आले, तेव्हा कराड सुटल्यावर त्यांनी गाडीतच गणवेश उतरवला आणि ताकारी स्थानकावर धोतर-सदऱ्यात उतरले. रजा संपेपर्यंत तो गणवेश धान्याच्या कणगीमागे होता. आजीला मी विचारले, भीती वाटत होती का त्यांना? ती म्हणाली, “भ्या कुणाचं गं? गावातलीच पोरं व्हती ती. ह्यास्नी लाज वाटायची.”

हे सगळे मी काकांपुढे मांडले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “जमादार कसं लिहायचं? लोक म्हणतील झाडूखात्याचा मुकादम होता.” त्यांचे पूर्ण चूक नव्हते. शब्दांचीही पदावनती होते. एके काळी सैन्यातील अधिकाराचा असलेला हा शब्द आज अनेकांना शिपायांवरच्या मुकादमाचा किंवा सफाई कामगाराचा वाटतो. झाडूखाते म्हणताना काकांच्या आवाजात जे आले, ते मला आवडले नाही आणि मी तसे सांगितलेही. चुलतभावाने तोडगा काढला. १९६५ मध्ये आपल्या सैन्याने जमादार हे नाव बदलून ‘नायब सुभेदार’ केले, मग तेच लिहू. हुद्दा तोच, शब्द भारदस्त आणि खोटेही काही नाही. मी क्षणभर मोहात पडले. पण आबा जे कधीच नव्हते ते नाव त्यांना मरणोत्तर द्यायचे, तर मग ‘कॅप्टन’नेच काय बिघडवले होते? तो शब्द निदान गावाने प्रेमाने दिला होता.

दोन दिवस घरात हाच विषय. शेवटी आजीने तो कागद मागवला. तिला मोडी येत नाही. मी सहीवर बोट ठेवून अक्षरे वाचून दाखवली.

“त्यांनीच लिवलंय न्हवं?”

“हो.”

“मग आपुन कोण बदलणारं?”

फलकावर ‘जमादार’ कोरले गेले. काका अनावरणाला आले, पण फलकाजवळ गेले नाहीत. गावातल्या दोघा-तिघांनी मला विचारले की कॅप्टन आबांचे नाव कसे काय राहिले, तेव्हा मी त्यांना फलकावरची ओळ दाखवली. ते “बरं बरं” म्हणाले आणि निघताना पुन्हा ‘कॅप्टन आबा’च म्हणाले.

त्या रात्री आजीने शिवणाच्या डब्यातून बटणांखाली दडवलेला पितळी तारा काढून माझ्या हातात ठेवला. झिजून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत आणि मागची पिन तुटली आहे. दुसरा कुठे आहे, असे मी विचारले. तो तिने लहानपणी सागरगोट्यांबरोबर खेळताना हरवला होता. आबा रागावले नव्हते, म्हणाली.