खाडाखोडीला आता नाव असते

जुन्या कीर्दखतावणीचा एक साधा दंडक होता. आकडा चुकला तर तो पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी बारीक सही करायची. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे आणि दुरुस्ती कुणाच्या हातची तेही कळले पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. कारकून बदलत, मालक बदलत. वही मात्र बोलत राही.

टेबलावर संगणक आला आणि ही सही गेली. मार्चमधले बिल जुलैमध्ये उघडा, रक्कम बदला, एंटर दाबा... पडद्यावर ना रेघ, ना डाग! जणू तो आकडा पहिल्यापासून तसाच होता. लहान-मोठ्या कचेऱ्यांना ही मोठीच सोय वाटली. पुढेमागे या सोयीची झळ कुणाला लागेल, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

खुर्सीपारच्या एका गृहिणीला तो करावा लागला.

खुर्सीपार हा भिलाईतला कष्टकऱ्यांचा भाग. पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि कामाच्या शोधात देशभरातून माणसे इकडे आली. आजही इथल्या एकाच गल्लीत तेलुगू, उडिया, भोजपुरी, छत्तीसगढी आणि मराठी कानावर पडते. या गृहिणीचे सासरे त्या काळात भंडाऱ्याकडून आले. घरात मराठी, दारात हिंदी आणि शेजारच्या अक्कांशी खाणाखुणांसह तेलुगू, असा तिचा संसार. मुले शाळेत जाऊ लागल्यावर दुपार मोकळी राहू लागली, तेव्हा २००६ मध्ये तिने पॉवर हाऊसच्या एका क्लासमध्ये टॅली शिकून घेतले. पुढे जवळच्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ती हिशेब पाहू लागली. धाकट्याची पुण्यातली फी याच पगारातून जाते.

टॅलीचा जन्मही अशाच एका घरगुती गरजेतून झालेला. गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितले. हे १९८६ चे. पुढे बापलेकांचे ते काम देशभरातल्या दुकानांत आणि कारखान्यांत पोहोचले आणि २०२० मध्ये भरत गोएंका यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

टॅलीवर बसणाऱ्याची बोटे विचार करतात. एफ-५ म्हणजे पैसे दिले, एफ-६ म्हणजे पैसे आले, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. भाजी निवडताना नजर दूरदर्शनवर असावी आणि हात आपोआप चालावेत, तसे हे काम. म्हणूनच नोव्हेंबर २०२० मध्ये ‘टॅलीप्राइम’ आले तेव्हा तिची पंचाईत झाली. डेबिट नोटसाठी कंट्रोल-एफ-९ दाबायची सवय, ती आता ऑल्ट-एफ-५ झाली. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-८ वरून ऑल्ट-एफ-६ वर गेली. तिने एका वहीत नव्या कळांची यादी केली, ती संगणकाशेजारी ठेवली आणि पंधरा दिवसांत बोटांना नवे वळण लावले. अवघड असे काही नव्हते, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सॉफ्टवेअर बदलणारा कुठेतरी लांब बसलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत थांबून ते शिकणारा इथे असतो!

त्यानंतर बदलांचा ओघच सुरू झाला. २०२४ मध्ये टॅलीतून बिल थेट व्हॉट्सॲपवर जाऊ लागले. त्याच वर्षी जीएसटीची विवरणपत्रे टॅलीतूनच पोर्टलवर पाठवण्याची सोय झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, वर्डमध्ये उघडलेली नवी फाइल यापुढे आपोआप क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर, सेव्ह होईल. हवे असेल त्याने सेटिंग बदलावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ आणि जुन्या ‘ऑफिस २०१६’, ‘ऑफिस २०१९’ यांचा सांभाळ थांबला. एक शिकावे तोवर दुसरे दारात हजर.

या सगळ्या गर्दीत एक बदल मात्र वेगळा होता. तो कंपन्यांच्या हौसेने आला नव्हता, तर कायद्याने आणला होता. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला, मग ती कितीही लहान असो, असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले की, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते. आधी काय होते, नंतर काय झाले, कधी झाले, हे सारे त्या नोंदीत दिसते. ती बंद करता येत नाही. आठ वर्षे जपावी लागते आणि लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात तिच्याविषयी लिहावे लागते. टॅलीत तिला ‘एडिट लॉग’ म्हणतात. थोडक्यात, वहीतली ती आडवी रेघ आणि शेजारची बारीक सही परत आली.

सही परत आली खरी. पण ती कुणाची?

२०२४ च्या सप्टेंबरात लेखापरीक्षणासाठी आलेल्या सीए साहेबांच्या मदतनिसाने लॉग चाळताना एका खरेदीच्या बिलावर बोट ठेवले. मार्च महिन्यातले बिल गणपतीतल्या एका रविवारी, रात्री पावणेअकराला बदललेले होते. रक्कम वाढली होती. आणि बदलणाऱ्याच्या जागी नाव होते ते हिशेब पाहणाऱ्या मॅडमचे.

त्या रात्री ती मंडपात होती. आरती झाल्यावर बायका प्रसादाची पातेली घासत होत्या, त्यांच्यात. पण लॉगला पातेली दिसत नाहीत. त्याला युजरचे नाव दिसते आणि घड्याळ दिसते.

गोष्ट साधीच निघाली. पुरवठादाराने सुधारित बिल पाठवले होते आणि मालकांच्या पुतण्याने ते घरून भरले होते. कागद होता, रक्कम बरोबर होती, लबाडी कुठेच नव्हती. परंतु पुतण्याने वापरला तो तिचा पासवर्ड. कारण ऑफिसात पासवर्ड एकच होता, तिच्या नावाने केलेला आणि कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला. तसा नियमच होता तिथला. मॅडम रजेवर गेल्या तर काम अडू नये म्हणून!

सीए साहेबांचे समाधान झाले. तिचे झाले नाही. या वेळी कागद होता म्हणून ठीक. एखाद्या वेळी कागद नसेल तर? आठ वर्षांनी कुणी विचारले तर? दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सेठजी, जितने लोग टॅली खोलते हैं, सबका अलग युजर बनाना है.”

सेठजी हसले. “अरे मॅडम, घर की ही तो बात है.”

“घर की बात है, इसीलिए,” ती शांतपणे म्हणाली.

वीस-बावीस वर्षांचा मुलगा हेच बोलला असता तर कदाचित उद्धटपणा ठरला असता. सोळा-सतरा वर्षे एका पैचा घोळ न करणारी बाई बोलली, म्हणून ऐकले गेले. संध्याकाळपर्यंत चार युजर तयार झाले. पुतण्याला भरण्याचा अधिकार, मालकांना सगळे पाहण्याचा, गोदामवाल्याला फक्त मालाचा. चिठ्ठी फाडली गेली. या कामाला वेगळा खर्च आला नाही. सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होती.

नव्या सुविधांच्या जाहिरातीत वेग आणि आराम यांचे गुणगान असते. जबाबदारी कुणाच्या अंगावर पडणार, हे मात्र बारीक अक्षरात असते, किंवा नसतेच. जीएसटीच्या पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून अशीच एक सोय आली. पुरवठादाराने आपल्या नावावर टाकलेले बिल तिथे स्वीकारता येते, नाकारता येते किंवा ‘प्रलंबित’ ठेवता येते. आणि काहीच केले नाही तर? तर ते स्वीकारले असे धरले जाते! म्हणजे गप्प बसणे हाही एक होकारच. जुलै २०२५ च्या महिन्यापासून तर मासिक विवरणपत्र ३-ब मध्ये विक्रीवरचा आपोआप भरून येणारा कर हाताने बदलता येईनासा झाला. चूक असेल तर आधी मूळ तपशील दुरुस्त करायचा. तिने याही दोन गोष्टी वहीत उतरवल्या आणि विवरणपत्र भरण्याआधी एक दिवस निव्वळ तपासणीसाठी राखून ठेवला.

आता पुढचे वळण दिसते आहे ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ मध्ये ऑफिसच्या कामासाठी ‘कोपायलट’ जाहीर केला. जानेवारी २०२५ मध्ये तो घरगुती ग्राहकांपर्यंतही आणला आणि त्याच महिन्यात गुगलने आपल्या कचेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जेमिनी’ समाविष्ट केले. पत्र लिहून मिळते, बैठकीचा सारांश मिळतो, तक्त्याला साध्या भाषेत प्रश्न विचारता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सेलच्या चौकटीतच लिहिता येईल असे ‘कोपायलट’ नावाचे सूत्र आले. त्याबरोबर कंपनीनेच बजावले होते की, जिथे अचूकता हवी किंवा दरवेळी तेच उत्तर यायला हवे, तिथे हे सूत्र वापरू नका. आकडेमोडीसाठी जगभर घेतल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडेमोडीला न चालणारे सूत्र! कंपनीने ते लपवले नाही, हे चांगलेच झाले. पण ती सूचना किती जणांनी वाचली असेल?

ऑफिसात मदतीला आलेल्या नव्या मुलाने वाचली नव्हती. त्याने येणे रकमांची यादी अशाच एका यंत्राला देऊन अर्ध्या मिनिटात वसुलीची पत्रे तयार करवली. भाषा इतकी गोड की मॅडमनाही कौतुक वाटले. मग तिने पेन्सिल घेतली आणि पत्रातला एकेक आकडा खात्याशी ताडून पाहिला. एका गिऱ्हाइकाने दोन महिन्यांपूर्वी चुकते केलेले बिल पत्रात पुन्हा मागितले होते. गिऱ्हाईक जुने, मानी. ते पत्र गेले असते तर पुढच्या ऑर्डरचे काय झाले असते, ते सांगायला नको.

ती मुलावर रागावली नाही. “बेटा, लिखवाओ उसी से,” ती म्हणाली, “मगर नीचे सही तुम्हारी है.”

ही शिकवण घरातही उपयोगी पडते. तिच्या भिशीचा आणि हळदीकुंकवाच्या वर्गणीचा हिशेब आता गुगलच्या सामायिक तक्त्यात असतो. कुणाचे पाचशे एक एके दिवशी तीनशे एक झाले तर पूर्वी महिनाभर अबोला चालत असे. आता संगणकावर त्या चौकटीवर उजवी क्लिक करून बदलांचा इतिहास पाहिला की, कुणाचे बोट चुकून लागले ते कळते आणि चहा गार होण्याआधी विषय संपतो. मात्र त्यासाठीही प्रत्येकीने आपल्याच खात्यातून उघडायला हवे. लेकाच्या खात्यातून उघडले तर नाव लेकाचे लागते, आणि बिचारा पुण्यात बसून उचक्या देत राहतो!

यापुढे सांगितलेले काम स्वतःच पार पाडणारे ‘एजंट’ कचेऱ्यांत येणार, असे मोठ्या कंपन्या सांगत आहेत. ते बिले भरतील, पत्रे पाठवतील, कदाचित पैसेही देतील. कामाचा भार हलका होणार असेल तर त्याचे स्वागतच करावे. पण दर वेळी एक प्रश्न आधी विचारावा : हे केले कुणी, असे उद्या कुणी विचारले, तर लॉगमध्ये नाव कुणाचे निघेल? जर ते आपले असेल, तर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. आणि दुसऱ्याने केलेल्या कामाला आपले नाव लावू देऊ नये. मग तो दुसरा माणूस असो की यंत्र.

नव्या मुलाला तिने टॅली उघडून दिले ते वसुलीच्या पत्रांनंतर. आधी त्याचा वेगळा युजर केला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो सवयीने म्हणाला, “मॅडम, आप ही कुछ डाल दीजिए ना.”

तिने मान हलवली, कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला आणि त्याचे टाइप करून होईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.