गाणी खरी हायत

बहात्तर साल म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आधी दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, तांबडी मिलो. त्याच १९७२ साली व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ आला. आमच्या गावात पिक्चर पोचायला पुढं दोन-तीन वर्षं गेली. गाणी मात्र लग्नातल्या कर्ण्यावरून आधीच येऊन बसली होती. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांची चाल आणि उषा मंगेशकरांचा आवाज. ही नावं नंतर कळली. तेव्हा फक्त ढोलकी कळायची.

जत्रेत तंबू टॉकीज लागली. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. एरवी पिक्चरचं नाव काढू द्यायचे नाहीत. पण यात नायक मास्तर, म्हणून सगळ्या घराला घेऊन गेले. श्रीराम लागूंचा तो आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादी लागतो. गावापुढचा आदर्श टिकावा म्हणून स्वतःचे कपडे एका मुडद्याला चढवून मेल्याचं सोंग करतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनापायी फासावर जातो. अण्णा गहिवरले होते. परतताना म्हणाले, “बघितलंस? एकदा पाय घसरला की माणूस संपला.”

मी मान हलवली. डोक्यात सगळी गाणीच चालली होती. दुसऱ्या दिवशी पाटीवर ढोलकी वाजवली म्हणून मार खाल्ला. आई मात्र भाकरी थापताना त्याच चाली गुणगुणायची. अण्णांना तेवढं ऐकू यायचं नाही.

गावाच्या कडेला एक मावशी राहायची. तरुणपणी संगीतबारीत नाचलेली. महिन्याकाठी आमच्या पडवीत येऊन लेकीला कार्ड लिहून घ्यायची. अण्णा लिहून द्यायचे, आई चहा द्यायची. जत्रा झाली आणि पारावर थट्टा सुरू झाली, “मास्तर, जपा हो. पिंजरा बघितला न्हवं?” अण्णांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या महिन्यात मावशी दारात आली, तर आतूनच म्हणाले, “पोराला पाठवतो तुमच्याकडं. तो लिहील.”

मावशी काही बोलली नाही. चहा न घेताच गेली.

मी कार्ड लिहायला जाऊ लागलो. एकदा न राहवून विचारलं, “मावशी, तुम्ही बघितला पिंजरा?”

“बघितला की.”

“कसा वाटला?”

तिनं पान जुळवलं, चुना लावला. “गाणी खरी हायत. ढोलकी खरी हाय. बाकी समदं त्यांच्या सोयीचं. गाणी आमची घेतली आन् पाप बी आमच्याच पदरात टाकलं. मास्तर काय लहान लेकरू व्हता व्हय, बोट धरून न्यायला?”

मग माझ्या बोटांकडं बघून म्हणाली, “आन् तू चुकीचं वाजवतोस. हितं थांबायचं असतंय.” तिनं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून दाखवला. तो अजून माझ्या बोटात आहे.

पुढं हायस्कूलला मी तालुक्याला गेलो. कार्डं कोण लिहीत होतं, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. एका सुट्टीत घरी आलो तर तिच्या दाराला कुलूप होतं. लेकीनं नेलं म्हणे.

‘पिंजरा’ मी नंतर चार-पाच वेळा बघितला. प्रत्येक वेळी मावशीचं म्हणणं जास्त पटत गेलं. ज्या तमाशानं पिक्चर दोन-अडीच तास रंगवायचा, त्याच्याच माथी शेवटी गावाची अधोगती मारायची, हे आता डाचतं. तरी ढोलकी वाजली की मी जागचा हलत नाही. कथेवरचा राग एकीकडं, बोटं एकीकडं.

अण्णा थकल्यावरची गोष्ट. दुपारी रेडिओवर त्यातलंच एक गाणं लागलं. बंद करू का, म्हणून मी उठलो. डोळे मिटूनच म्हणाले, “राहू दे.” खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट हलत होतं. ठेका चुकत होता.

गाणं संपल्यावर म्हणाले, “त्या मावशीची कार्डं तू शेवटपर्यंत लिहिलीस ना रे?”

मी “हो” म्हणालो.